चौदाशे

सकाळी ६.५०. पैठण बसस्थानकासमोरची टपरी. रात्री पाऊस पडून गेलाय, खड्ड्यांत पाणी साचलंय. चहा दहा रुपये. बाकडं ओलं आहे म्हणून नेटवाला उभ्यानंच ग्लास फुंकतोय.

'नाव छापू नका,' तो आधीच सांगून ठेवतो. 'लोक म्हणतील, पेपरात आला, आता रेट वाढवणार.' गावात तसंही त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. नेटवाला. वय एकोणतीस. आयटीआय केलं, एमआयडीसीत दोन वर्षं कंत्राटावर काढली, मग एका केबलवाल्याकडं चार वर्षं शिडी वाहिली. आता काम स्वतःचं. कॅमेरे, राउटर, प्रिंटर. आणि ज्याला तो 'डोक्याला ताप' म्हणतो ते, व्हीपीएन.

ग्लास निम्मा होतो न होतो, फोन वाजतो. संभाजीनगरहून.

'दादा, टॅली नुसतं फिरतंय हो. एक लेजर उघडायला दहा मिनिटं. आणि आज अकरा तारीख आहे.'

'माहीत आहे ताई. नऊला दुकान उघडलं की जातोच.'

'नऊला?'

'शटरची चावी काकांकडं. मी काय करू सांगा?'

अकरा जुलै. जूनच्या विक्रीचं जीएसटीआर-१ आज भरायचं. नाही गेलं तर ज्या छोट्या दुकानदारांना माल दिलाय, त्यांचे फोन सुरू होतात: आमचा टॅक्स का दिसंना?

७.१५. गाडीच्या सीटवर बॅग उघडून तो सामान तपासतो. रोजचा नेम. क्रिंपिंगचं पक्कड, लॅन टेस्टर, फायबरचा पॉवर मीटर, लाल उजेडाचा पेन, कटर, काळी टेप, पांढरी टेप, मार्कर, आरजे-४५ कनेक्टरची डबी. लॅपटॉप सेकंडहँड. त्याचं एक बटण निघालंय, खालच्या रबरावर नख टेकवून तो ते अक्षर उमटवतो.

दुकानाची मांडणी तो मला तिथंच समजावतो, गाडीच्या टाकीवर बोटानं रेघा ओढत. पैठणचं हे काकांचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत, औषधं, घाऊक आणि किरकोळ दोन्ही. हिशोब दुकानातल्या संगणकावर. हिशोब बघणाऱ्या ताई संभाजीनगरला, स्वतःच्या घरी. मधलं अंतर पन्नास किलोमीटर. पण केबलवाला दुकानाला स्वतःचा असा बाहेरून दिसणारा पत्ता देत नाही. कित्येक गिऱ्हाइकांत मिळून एकच पत्ता असतो. वाड्याला दार एक आणि बिऱ्हाडं चाळीस, तसं. मग ताईंच्या लॅपटॉपनं नेमकं कुणाचं दार वाजवायचं?

म्हणून त्यानं मुंबईत एक छोटं यंत्र भाड्यानं घेतलंय. क्लाउडवर, महिना पाचशेच्या आसपास. त्यावर वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड नावाच्या प्रोग्रामरनं लिहिलेलं, २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातच घेतलं गेलेलं, फुकट. दुकानाचा संगणक तिथं जाऊन बसतो, ताईंचा लॅपटॉप तिथं जाऊन बसतो आणि दोघं तिथून आपसांत बोलतात. वरून कुलूप. म्हणजे पैठणचा हिशोब संभाजीनगरला जायला आधी मुंबई गाठतो आणि उलटा फिरतो. तयार व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्या दर माणशी दर महिना पैसे घेतात. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, तूच कर काहीतरी. त्यानं केलं. आता बिघडलं की फोन त्यालाच.

८.००. समाधी मंदिराच्या वाटेवर एक लॉज. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बंद. हार्डडिस्क कानाला लावून तो ऐकतो, टक टक आवाज. 'गेली.' नवीन आणायला सांगतो. बघण्याचे दोनशे. मॅनेजर शंभर देऊन बघतो, तो हात पुढंच ठेवतो. दुसरी शंभराची नोट येते.

९.०५. दुकान. शटर अर्धं वर जाण्याआधीच पंधरा-वीस शेतकरी उभे आहेत. पाऊस झालाय, कपाशीला युरिया हवा. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे. काउंटरवरच्या पॉस मशीनवर आधारचा अंगठा दिल्याशिवाय गोणी हलत नाही. एका म्हाताऱ्याचा अंगठा उठत नाही. खुरपं धरून धरून रेघा झिजल्यात. तो अंगठा धोतराला पुसतो, पुन्हा टेकवतो. डोक्याला घासतो, पुन्हा टेकवतो. चौथ्यांदा मशीन घेतं.

काकांना नेटवाल्याकडं बघायला वेळ नाही. 'काहून रे, शंभरचा प्लॅन हाय ना आपला? हे बघ.' मोबाईलवर स्पीड टेस्ट. काटा सरसर वर जातो. ९४.

'काका, तो मोबाईल वायफायवर. हिशोब वायरवर.'

९.३०. काउंटरखाली तो पोटावर सरपटतो. मी टॉर्च धरतो. धूळ, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, लेंड्या. संगणकाची वायर शंभरवर जोडली जायला हवी, पडद्यावर दहा दिसतंय. वायर चाचपत तो भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि थांबतो. 'हा बघा.' वरचं प्लास्टिक कुरतडलेलं, आतल्या दोन तारा उघड्या, तांबं चकाकतंय. खताच्या दुकानात उंदीर खत खात नाहीत. पण शेजारीच मक्याचं बियाणं आहे.

तो वायर कापतो. वरची साल दोन बोटं काढतो. आत आठ तारा, चार जोड्या, एकमेकींना पिळलेल्या. अंगठ्यानं पीळ सोडवून एकेक तार सरळ करतो. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. ओठ हलतात, आवाज नाही. आठही तारा चिमटीत धरून एका रेषेत कापतो, कनेक्टरात सरकवतो, टोकं पुढच्या कडेला टेकली का ते उजेडाकडं धरून बघतो. मग पक्कड. कट्. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागतात. कनेक्टर दहाला एक. दोन टोकं, दोन कनेक्टर.

१०.१५. वायरवर स्पीड ९ वरून ९२. काका पावत्या फाडता फाडता मान डोलावतात. 'झालं ना? मग जा आता, गर्दी बघतोस ना.'

तो जात नाही. ताईंना फोन लावतो.

'दादा, तसंच आहे.'

'काहीच फरक नाही?'

'लॉगिन होतं. कंपनी दिसते. मोठा रिपोर्ट उघडला की गोल गोल.'

तो माझ्याकडं बघून हसतो, पण ते हसू फारसं बरं नाही. ताप एक, आजार दोन. यातला पहिला बरा झाला की माणूस औषध बंद करतो. त्याच्या धंद्यात ही चूक सगळे एकदा तरी करतात असं तो म्हणतो.

१०.४०. आता तो रस्त्याचे तुकडे पाडतो. दुकान ते मुंबई एक. मुंबई ते ताई दुसरा. आयपर्फ नावाची मोजपट्टी आहे, तीही फुकट. एका टोकाला ती ऐकत बसते, दुसऱ्या टोकाकडून माल सोडायचा. ताईंकडचा तुकडा: ३८. ठीक. दुकानाकडून मुंबईला, व्हीपीएन बंद ठेवून: ८८. ठीक. तीच वाट, तेच यंत्र, फक्त व्हीपीएन चालू: ३.

तीन.

काका मधेच येऊन आकडा बघतात. 'अरे पण शंभर येतंय ना आपल्याला!'

'काका, तुमची जमीन डाव्या कालव्यावर आहे ना?'

'व्हय.'

'धरण भरलं म्हणून तुमच्या शेतात पाणी येतं का?'

काका थांबतात. नाथसागराच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. धरणाचे २७ दरवाजे कुठल्या दिवशी किती उघडले ते इथला शाळकरी पोर सांगेल. पण आपल्या वावरात पाणी येतं ते चारीतून, आणि चारी बुजली की धरणाचा आकडा पेपरात वाचायचा. 'म्हणजे आपली चारी बुजली,' काका म्हणतात. 'मग उकर.' आणि काउंटरवर परत.

आणखी एक गोष्ट आहे, ती काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. ताईंना येतं ते डाउनलोड म्हणजे दुकानातून जाणारं अपलोड. स्पीड टेस्टचा पहिला, मोठा काटा सगळे बघतात. दुसऱ्याकडं कुणी बघत नाही. आज मात्र दोन्ही काटे चांगले होते. व्हीपीएनच्या बोगद्यात शिरलं की मरत होतं.

११.१०. केबलवाल्याच्या ऑफिसला फोन. 'लाईन ओके दाखवतंय सर.' तो वाद घालत नाही. त्याच ऑफिसातल्या जुन्या जोडीदाराला, जो आत्ता कुठल्या तरी खांबावर असणार, दुसरा फोन लावतो. मागून ट्रकचा आवाज येतो.

'भावा, काही बदललं का तुमच्याकडं?'

'वरची लाईन बदलली ना मागच्या आठवड्यात. काहून?'

'काही नाही. सांभाळून उतर.'

११.३०. पिंग. साधं काम. मुंबईच्या यंत्राला हाक मारायची, पोचली तर ओ येते. हाकेचं वजन मात्र आपण ठरवायचं आणि वर बजावायचं, की वाटेत तुकडे करायचे नाहीत. इंटरनेटवरचा सगळा माल पाकिटातून जातो आणि इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइटपेक्षा जास्त भरत नाहीत. १९८० च्या मानकात ठरलेला आकडा, अजून तोच. हाकेवरचं वेष्टन २८ बाइटचं, म्हणून सुरुवात १४७२ पासून.

१४७२. ओ नाही. १४००. ओ आली. १४५०. नाही. १४३०. आली. १४४०. नाही. बियाण्याच्या पाकिटाच्या पाठीवर तो आकडे लिहितोय, बरोबर आणि फुली. १४३२, बरोबर. १४३३, फुली. पुन्हा १४३३. फुली. पुन्हा १४३२. बरोबर.

एका बाइटचा फरक. तो पाकीट मला दाखवतो, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या खांद्यांची ताठरता गेलेली दिसते.

हमाल मामा गोण्या उतरवून घाम पुसायला आमच्याजवळ टेकलेत. 'काय सापडलं?'

'मामा, समजा गोदामाचं दार आहे. गोणी बसेल एवढंच. आता मी गोणीवर दुसरी गोणी चढवली, आतला माल दिसू नये म्हणून. जाईल का दारातून?'

'फाटंल.'

'तेच. दार आधी मोठं होतं, दुहेरी गोणीसुद्धा जायची. मागच्या आठवड्यात कुणीतरी चौकट बारीक केली. आता गोणी फाटते, अर्धा माल इकडं, अर्धा तिकडं. थोडा हरवतो. हरवला की परत पाठवायचा.'

मामा विचार करतात. '२०१८ ला युरियाची गोणी पन्नासची पंचेचाळीस केली,' ते म्हणतात. 'तसं कर. पोतं बारीक भर.'

यापेक्षा नीट मला कुणी सांगितलेलं नाही. १४३२ आणि २८ मिळून १४६०. हे दार. वायरगार्डच्या बाहेरच्या गोणीचे ६०. उरले १४००. व्हीपीएनमध्ये हा आकडा आपसूक १४२० असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी चालतोही. इथं वीस बाइट जास्त होत होते. साधं ब्राउझिंग बिघडलं नव्हतं, कारण साध्या पाकिटांना छोटं व्हायला सांगायची सोय मधल्या यंत्रांत असते. कुलूप लावलेल्या पाकिटाच्या आत मात्र ती यंत्रं डोकावू शकत नाहीत. कुलूप त्यासाठीच तर लावलेलं.

१२.०५. दुकानाच्या संगणकावर १४००. मुंबईच्या यंत्रावर १४००. ताईंच्या लॅपटॉपवर करायला तो फोनवर बसतो.

'ताई, आधी बंद करा. मग एडिट. वर इंटरफेस दिसतं? त्याच्या खाली नवीन ओळ. एम, टी, यू. बरोबरचं चिन्ह. चौदाशे.'

'लाल झालं.'

'कुठं लिहिलंत?'

'सगळ्यात खाली.'

'खाली नाही ताई, तिथं पीअर आहे. वर. इंटरफेसच्या पोटात.'

'थांबा, कुकर झालाय.'

तो थांबतो. फोनमधून तिसरी शिट्टी ऐकू येते.

१२.२०. आणि लाईट जाते. राउटर छोट्या बॅटरीवर चालू राहतो, संगणक बंद. पंखे थांबतात. काउंटरवर पॉस मशीन तेवढं स्वतःच्या बॅटरीवर चालू आहे, रांग हलत राहते. आम्ही डबा उघडतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवता जेवता तो हिशोब सांगतो. भेटीचे तीनशे ठरलेले. आज दिवस गेला म्हणून सातशे मागणार. 'पाचशे मिळतील.' तुकडा मोडतो. 'आणि उरलेले दिवाळीला. कुठली दिवाळी ते काका सांगत नाहीत.'

१.०५. लाईट येते. बोगदा चालू. आयपर्फ: ७१. तो पुन्हा लावतो. ६९. तीनाचे सत्तर, वीस बाइट कमी केल्यावर. पांढऱ्या टेपची पट्टी फाडून तो राउटरच्या डोक्यावर चिकटवतो. मार्करनं तारीख, खाली ठळक १४००. सहा महिन्यांनी राउटर बदलायला दुसराच कुणी आला तर त्याला कळावं म्हणून.

१.२०. ताईंचा फोन. 'फाईल कॉपी झटक्यात होते दादा. टॅली उघडलं. पण लेजरला अजून दोन मिनिटं लागतात.'

मला वाटलं होतं संपलं. त्याला वाटलं नव्हतं. इथं दोष टॅलीचा नाही आणि व्हीपीएनचाही नाही. ताईंच्या लॅपटॉपवरचं टॅली दुकानातल्या फोल्डरमधून एकेक चिमूट मागतं. दे. घे. दे. घे. डिस्क शेजारी असली तर हे लक्षातही येत नाही. इथं एक फेरी पैठण-मुंबई-संभाजीनगर, ३३ मिलिसेकंद. हजार फेऱ्या झाल्या की ३३ सेकंद, मग चारी कितीही रुंद करा. वाण्याकडं जाऊन एकेक चमचा साखर आणायची आणि सायकल वेगात चालवायची, असला प्रकार.

२.१०. उपाय जुना आहे. टॅली दुकानातच चालू द्यायचं, ताईंनी लांबून फक्त पडदा बघायचा. रिमोट डेस्कटॉप. पण काउंटरचा संगणक ताईंनी धरला तर पावत्या कोण फाडणार? दुसरा हवा. मागच्या खोलीत काकांच्या मुलाचा जुना संगणक आहे. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. संगणकावर टॉवेल, टॉवेलवर कीटकनाशकांचं कॅलेंडर. नेटवाला झाकण उघडून ब्रशनं धूळ काढतो, रॅम काढून खोडरबरनं पट्टी घासतो, परत बसवतो. चालू होतो. विंडोज प्रो निघतं. 'नशीब,' तो म्हणतो. होम असतं तर रिमोट डेस्कटॉपला आत घेतलंच नसतं. टॅलीचा परवानाही एकाहून जास्त संगणकांचा आहे.

इथं एक शॉर्टकट होता. व्हीपीएन सोडून रिमोट डेस्कटॉपचं दार सरळ इंटरनेटवर उघडं टाकायचं. अनेक जण टाकतात. एके सकाळी सगळा हिशोब कुलूपबंद, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. तसलं एक दुकान त्यानं पाहिलंय. कुठलं ते सांगत नाही.

४.२५. पुन्हा पाऊस. काउंटरची गर्दी पांगते. टॅली बसवून, पासवर्ड लावून, डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन झालीये. पेन ड्राइव्ह त्याचाच.

'ताई, आता तोच आकडा टाका जो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. पासवर्ड फोनवर बोलू नका.'

शांतता. मग: 'अय्या.'

'काय झालं?'

'लेजर उघडलं. लगेच.'

तो फोन ठेवतो आणि मागच्या खोलीत खताच्या गोण्यांवर आडवा होतो. सात मिनिटं. मी घड्याळ बघितलं.

५.३०. शेजारच्या औषध दुकानाचा प्रिंटर. कागद अडकलेला. पन्नास रुपये.

७.०५. ताईंचा मेसेज: भरलं. पोचपावतीचा नंबर सोबत. काका चष्मा कपाळावर सरकवून गल्ला मोजतायत. मामा शटरचा आकडा हातात घेऊन उभे. नेटवाला बॅग पाठीला लावून घुटमळतो, आज पैशाचं कसं काढावं याचा विचार करत.

काका उठून राउटरपाशी जातात. दिवे बघायची त्यांना सवय आहे. चष्मा खाली घेतात. पट्टी वाचतात. तारीख. आकडा.

'चौदाशे?'

'काका, ते—'

'थांब. दिवसभर होतास, मी बघितलंय. पण चौदाशे लई होतात रे. आणि ही पट्टी चिकटवून बिल मागायची पद्धत कुठून काढलीस?' गल्ल्यातून ते नोटा काढतात. पाचशेची एक, शंभरच्या तीन. 'आठशे. आता वर काही बोलू नको.'

मामांना आकड्याचा अर्थ ठाऊक आहे. ते तोंड फिरवून शटरच्या कडीशी खेळत राहतात. नेटवाला माझ्याकडं बघतो. मी छताकडं.

'बरं काका,' तो म्हणतो.

काका चपला शोधायला वळतात. तेवढ्यात तो मार्कर काढतो आणि पट्टीवर, १४०० च्या आधी, बारीक अक्षरात लिहितो: एमटीयू.